दोरी पेरात घ्या, शेंड्यावर नको

आम्ही शहापूर आणि मुरबाडकडच्या बचत गटांच्या बाया. एरवी आम्ही इथे येऊन हप्त्यांचं नाहीतर भाजीच्या रोपांचं बोलतो. आज बोटांचं बोलायचं आहे. आपल्या पोरी शाळेत तिरकमठा शिकायला लागल्या आहेत, त्यांच्या बोटांचं.

आमच्या एका ताईची मुलगी आठवीत आहे. मागच्या मे महिन्यात सुट्टीला घरी आली, तर तिला सुईत दोरा ओवता येईना. गरम चहाचा पेला धरला तरी मधल्या बोटाच्या शेंड्याला चटका कळत नव्हता. आईने खोदून विचारलं तेव्हा म्हणाली, दोन महिने झाले असं आहे. मग सांगितलं का नाहीस? तर म्हणे, सांगितलं तर खेळातून काढतील. तिला शिकवणारे म्हणाले होते की पोरींची बोटं नाजूकच असतात, होईल सवय.

नाजूक! आवणीला दिवसदिवस वाकणाऱ्या, दिवाळीनंतर गवताचे भारे बांधणाऱ्या घरची पोर ती. आमच्या सगळ्यांच्या हातांना विळ्याचे घट्टे आहेत. पण घट्टा वेगळा आणि बधिरपणा वेगळा, हे आम्हालाही तेव्हाच नीट कळलं. घट्टा म्हणजे वरची कातडी जाड होते. बोटाच्या दोन्ही बाजूंनी शेंड्यापर्यंत बारीक नसा जातात. दोरीने त्या रोज दाबल्या गेल्या की आधी मुंग्या येतात, मग बोट सुन्न होतं. याची सवय करायची नसते. आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांनी सांगितलं, बोटात पूर्ण जाणीव येईपर्यंत दोरीला हात लावायचा नाही.

पोर रडरड रडली. आई म्हणाली, बरं झालं सुटलं, आता आवणीला हात मिळेल. आणि त्यावरून गटाच्या बैठकीत वाद झाला.

आमच्यातल्या एकीचे सासरे पूर्वी स्वतः तिरकमठा बनवायचे. बांबूचं धनुष्य, आणि दोरीसुद्धा बांबूच्याच कामटीची. त्यांना बोलावलं. त्यांनी पोरीला नुसतं धरून दाखवायला सांगितलं. तिने दोरी तीन बोटांच्या अगदी शेंड्यांवर घेतली होती. आजोबा म्हणाले, "भरलेली बादली अशी उचलतेस का गं?" आम्ही सगळ्या हसलो, कारण चूक लगेच दिसली. बादलीची कडी आपण शेंड्यावर घेत नाही, पेरात अडकवतो. दोरीचंही तसंच. शेंड्याकडून पहिल्या पेराची जी रेघ असते तिथे दोरी बसवायची, बोटं आकड्यासारखी वळवायची आणि हाताची मागची बाजू सपाट ठेवायची. मनगट वळलं की सगळा भार एका बोटावर जातो. या पोरीचा मधल्या बोटावर जात होता.

आणखी एक. बाणाची खाच बोटांमध्ये चिमटीत दाबून धरायची नाही. खाच दोरीवर आपोआप बसते. एक बोट बाणाच्या वर, दोन खाली, आणि बाणाला बोटांचा जाच नको. दाबलं तर बोटाची कड सोलते, बाणही वाकडा जातो.

आजोबांनी अंगठा दोरीला लावूच दिला नाही. एकलव्याने दिला तो आपण वापरायचा नाही, असं ते म्हणाले. भिल्लांमध्येही असं सांगतात. महाभारताच्या आदिपर्वात आहे की अंगठा दिल्यावर एकलव्य उरलेल्या बोटांनी दोरी ओढायचा, पण पहिल्यासारखा वेग राहिला नाही. आता ऑलिम्पिकमध्ये 70 मीटरवरून नेम धरणारेही तीन बोटांनीच ओढतात, अंगठा मोकळा ठेवून. गुरुदक्षिणेचं काय म्हणावं ते तुम्हीच ठरवा.

पण नुसती पकड सुधारून भागणार नव्हतं. धनुष्यच जड होतं. हे तपासायला आम्ही भाजी तोलायचा स्प्रिंगचा काटा घेतला. एकीने धनुष्य आडवं घट्ट धरायचं, दुसरीने काट्याचा आकडा दोरीच्या मधोमध अडकवून बाण जेवढा मागे येतो तेवढं हळू ओढायचं, आणि हळूच परत आणायचं. मध्येच सोडायचं नाही. बाणाशिवाय दोरी सुटली तर धनुष्य फुटतं. काटा 14 किलोवर गेला! मोठ्या मुलांचं धनुष्य तिच्या हाती दिलं होतं. नवशिक्या मुलीने सात-आठ किलोंपासून सुरुवात करावी. ऑलिम्पिकच्या बायका 18-20 किलो ओढतात, पण तिथवर पोचायला त्यांना वर्षं लागलेली असतात.

टीव्हीवर बघून पोरी फसतात तेही सांगतो. साताऱ्याची आदिती स्वामी 2023 मध्ये बर्लिनला, 17 वर्षांची असताना, जगज्जेती झाली. पोरींना वाटतं तिची बोटं लोखंडाची. पण तिचं कंपाउंड धनुष्य, चाकांचं. त्याची दोरी हातातल्या छोट्या यंत्राने ओढतात आणि सोडतात, बोटांना ती लागतच नाही. याउलट त्याच जिल्ह्यातल्या सरडे गावचा, मजुरी करणाऱ्या आईबापांचा प्रवीण जाधव टोकियो ऑलिम्पिकला गेला तो बोटांनी ओढायच्या धनुष्यावर. पण असे खेळाडूही उघड्या बोटांनी ओढत नाहीत, बोटांवर चामड्याचा तुकडा लावतात. जुन्या काळीही होताच. रामायण-महाभारतात घोरपडीच्या कातड्याचं अंगुलित्राण येतं. आता घोरपडीला हात लावणं गुन्हा आहे, म्हणून आम्ही दुसरं शोधलं.

पहिल्यांदा सायकलच्या ट्यूबचा तुकडा कापला. फसला. रबर दोरीला चिकटतं, बाण सुटताना झटका बसतो. मग बाजारात चपला शिवणाऱ्या दादांकडून मऊ चामड्याची कतरण आणली. दोन थर एकावर एक शिवले, गुळगुळीत बाजू दोरीकडे, मधल्या बोटात अडकवायला भोक, आणि बाणासाठी पहिल्या-दुसऱ्या बोटामध्ये चीर. तीन बोटं झाकतील एवढंच, शेंड्याबाहेर फार लांब नको. पहिले चार बिघडले.

या कतरणीचे पैसे गटातून द्यायचे का, यावर वाद होता. काही बायांचं म्हणणं, कर्जाचे पैसे पोरींच्या खेळात घालायचे का. त्यांचं अगदी चूक नव्हतं, त्या महिन्यात दोघींचे हप्ते थकले होते. शेवटी गटाच्या पैशाला हात लावला नाही, ज्यांच्या मुली शिकतात त्या सहा जणींनी वर्गणी काढली. आमच्या मते ते तेव्हा बरोबर होतं, तरी अजून बैठकीत विषय निघतो.

पोरीच्या बोटात जाणीव यायला आवणी संपून गेली. आवणीला ती गेली, डाव्या हाताने रोपं लावत. गणपतीनंतर साडेसात किलोच्या धनुष्यावर पुन्हा सुरू केलं. स्पर्धेला तिची निवड झाली नाही. रोज सराव झाला की आई तिचे डोळे मिटायला लावते आणि तीनही बोटांच्या शेंड्यांना सुतळीचं टोक लावून विचारते, लागलं का? तुमच्याही मुली शिकत असतील तर आज रात्री जेवणं झाल्यावर हे करून बघा. एखाद्या बोटाला कळलं नाही, तर दुसऱ्या दिवशी सराव बंद ठेवा आणि आरोग्य केंद्रात दाखवा. काटा नसेल तर आमच्याकडचा घेऊन जा, फक्त बाजाराच्या दिवशी मागू नका.