दिवसाला एक मिलिमीटर

आपल्या बोलीत ‘नस’ या शब्दाला फार राबवून घेतलं जातं. रक्त वाहतं ती नस, आणि कंबर धरते तेव्हा दबते तीही नसच. मी बोलणार आहे ते मज्जातंतूविषयी. चटका कळवतो तो, आणि बोट हलवतो तोही. हा तंतू मेला की हात दिसायला शाबूत राहतो, पण चुलीवरचं भांडं तापलंय हे त्याला कळत नाही. आम्ही कवी मंडळी स्पर्शावर पुष्कळ लिहितो. ज्याचा स्पर्श गेला, त्याला मात्र जखम झाल्याचं रक्त पाहूनच समजतं.

विदर्भाला हे दुःख नवं नाही. वर्ध्याजवळ दत्तपूरला मनोहरजी दिवाणांनी १९३६ साली आणि वरोऱ्याला बाबा आमट्यांनी १९४९ साली कुष्ठरुग्णांसाठी काम उभं केलं, तेव्हा हाताशी खात्रीचं औषध नव्हतं. पुढे १९८१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं एकाहून अधिक औषधांचा एकत्रित उपचार सुचवला. कालांतरानं सहा ते बारा महिन्यांत रोग बरा होऊ लागला. आजही सरकारी दवाखान्यात हे औषध मोफत मिळतं. पण जंतू मेला तरी त्यानं खाल्लेला तंतू परत येत नाही. शस्त्रक्रियेनं वाकडी बोटं सरळ करता येतात, पण गेलेली संवेदना आणायची कुठून?

हातापायांतला तंतू तुटला तर तो पुन्हा वाढू शकतो, पण दिवसाला सुमारे एक मिलिमीटर. कोपरापासून बोटाच्या टोकापर्यंतच्या अंतराला आपली जुनी माणसं ‘एक हात’ म्हणत. हा एक हात चालून जायला तंतूला पंधरा महिने लागतात. तोवर स्नायू सुकून जातात. पाठीच्या कण्यातल्या मज्जारज्जूत तर तेवढीही वाढ होत नाही.

तंतूभोवती राखणदार पेशी असतात. थिओडोर श्वान या जर्मन शास्त्रज्ञाच्या नावावरून त्यांना श्वान पेशी म्हणतात. कुत्र्याशी संबंध नाही, पण इमान तसंच! कुष्ठरोगाचा जंतू नेमका याच पेशींत घर करतो. २०१३ साली एडिंबरो विद्यापीठातल्या अनुरा रांबुकन्ना आणि सहकाऱ्यांनी उंदरांच्या पेशींवर एक विलक्षण गोष्ट दाखवली. हा जंतू राखणदाराला फितवतो आणि त्याचं रूपांतर मूलपेशीसारख्या पेशीत करतो. मूलपेशी म्हणजे अजून धंदा न ठरलेली पेशी. ती पुढे स्नायू होईल, हाड होईल, कदाचित मज्जातंतूही होईल. जंतू हे आपल्या प्रसारासाठी करतो. माणसाला तेच दुरुस्तीसाठी करायचं आहे. जपानच्या शिन्या यामानाका यांनी २००६ साली उंदराच्या साध्या पेशीला मूलपेशीचं रूप दिलं आणि २०१२ मध्ये त्यांना नोबेल मिळालं.

मग नुसत्या मूलपेशी टोचल्या की काम झालं? आमच्या कुहीकडचा मिरची लावणारा शेतकरीही याचं उत्तर देईल. रोप लावलं म्हणजे ते जगलं असं नाही. जखमेच्या जागी बहुतेक पेशी मरून जातात, उरलेल्या भलतंच रूप घेतात. म्हणून रोपाबरोबर ठिबकही हवं. वाढीला पोषक औषध मऊ जेलमध्ये भरायचं, त्यातच पेशी ठेवायच्या आणि औषध थेंबाथेंबानं मुळाशी पाझरू द्यायचं. टोरांटोच्या मॉली शॉइकेट यांच्या प्रयोगशाळेत असे प्रयोग उंदरांच्या मज्जारज्जूवर झाले आहेत.

माणसांचं काय? जपानच्या केइओ विद्यापीठानं मार्च २०२५ मध्ये चार रुग्णांवरच्या मूलपेशी-रोपणाचे निष्कर्ष जाहीर केले. दोघांत सुधारणा दिसली, त्यांतला एक आधाराशिवाय उभा राहू शकला. आशा वाटावी अशी बातमी आहे. पण चारच रुग्ण, आणि रोपण न केलेल्यांशी तुलनाही नाही. एवढ्यावर उपचार सिद्ध होत नाही.

आणि इथंच सावध राहायला हवं. ‘मूलपेशींनी लकवा बरा’ अशा जाहिराती पाहून लोक शेत गहाण टाकतात. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार, मज्जातंतूच्या दुखण्यावर मूलपेशी वापरायच्या त्या फक्त मान्यताप्राप्त चाचणीतच, आणि चाचणीत रुग्णाकडून पैसे घ्यायचे नाहीत. कोणी लाखांचा आकडा सांगितला, तर तिथूनच परत फिरावं.

संशोधन आपल्या गतीनं येईल. आपल्या हातात आहेत ते सहा महिने. कुष्ठरोगात तंतू दुखावल्यापासून सहा महिन्यांच्या आत डॉक्टरांच्या देखरेखीखाली स्टेरॉइडचा उपचार सुरू झाला, तर गेलेली संवेदना पुष्कळदा परत येते. म्हणून अंगावर फिकट वा लालसर चट्टा दिसला, करंगळी बधिर वाटली, तर डोळे मिटून त्या जागी कुणाला तरी कापसाचा बोळा टेकवायला सांगा. कळलं नाही, तर लाजू नका, लपवू नका. प्राथमिक आरोग्य केंद्र गाठा. मिलिमीटर मिलिमीटरनं मिळवायचं ते हातचं जाण्याआधीच राखलेलं बरं.