उंदीरमामांचा हिशेब

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त अभनपुर येथे दिलेल्या भाषणाचा मजकूर)



सुवर्णमहोत्सवासारख्या मंगल प्रसंगी व्याख्यात्याने संतवाङ्मय, शिवचरित्र अथवा परप्रांतातील मायबोलीचे भवितव्य यांपैकी एखादा विषय घ्यावा, असा संकेत आहे. आम्ही मात्र आज उंदरांवर बोलणार आहोत. पन्नास वर्षांचा डोंगर पोखरून यांनी उंदीर काढला, असे कोणी म्हटल्यास आम्हांस त्याचा राग येणार नाही. तथापि आपल्या मंडळाच्या काही घरांत अलीकडे पांढरे उंदीर, गिनीपिग आणि हॅम्स्टर येऊ लागले आहेत. मुले ते पिंजरे आम्हांस कौतुकाने दाखवितात. प्रत्येक वेळी आम्ही एकच प्रश्न विचारतो, 'किती आहेत?' आणि उत्तर येते, 'जोडी आहे.' या 'जोडी' शब्दाने आमच्या पोटात गोळा उठतो. तो का उठतो, हे सांगण्यासाठीच आजचे हे भाषण.

ही हौस आम्ही गैर मानत नाही. आपली मुले आजोळापासून, आतेमामे भावंडांपासून शेकडो मैल दूर वाढतात. घरात एखादा मुका जीव असला, की त्यांना सोबत होते आणि दुसऱ्याच्या भुकेची वेळ पाळण्याची सवय लागते. शिवाय उंदीर हे गणरायाचे वाहन. भाद्रपदात त्याच्यापुढेही आपण मोदक ठेवतो. कुरतडणाऱ्या प्राण्यांच्या या कुळाला शास्त्रात कृंतक म्हणतात. महाराष्ट्राचा राज्यप्राणी शेकरू हाही याच कुळातला. पण तो वन्य प्राणी असून त्याला पाळण्यास कायद्याची बंदी आहे, हे जाता जाता सांगितलेले बरे. ससा मात्र, लोक काहीही समजोत, या कुळातला नव्हे.

पांढऱ्या उंदरांचा नि गिनीपिगांचा मराठी मुलखाशी संबंध जुना आहे, आणि तो दुःखाचा आहे. १८९६ साली मुंबईत प्लेग उसळला. डॉक्टर हाफकिन यांनी तेथेच प्लेगची लस सिद्ध केली आणि जानेवारी १८९७ मध्ये ती प्रथम स्वतःच्या अंगावर टोचून घेतली. परळच्या ज्या प्रयोगशाळेत पुढे हे काम चालले, तिला १९२५ पासून हाफकिन संस्था असे नाव आहे. १९०५ नंतर मुंबईत काम करणाऱ्या प्लेग आयोगाने तर प्लेगच्या घरांत गिनीपिग ठेवून त्यांच्या अंगावर गोळा होणाऱ्या पिसवा तपासल्या आणि उंदरावरील पिसू हीच रोगाची वाहक आहे, या मताला बळकट पुरावा मिळवून दिला. आज आपल्या मुलांच्या मांडीवर बसणाऱ्या या प्राण्याचे आपल्या पूर्वजांवर असे ऋण आहे.

प्रयोगशाळेतील माणसे हे प्राणी हौसेने नव्हे, कामासाठी वाढवितात. तेथे प्रत्येक पिंजऱ्यावर एक कार्ड लटकलेले असते. नर किती, माद्या किती, जन्म केव्हाचा, दूध केव्हा तोडले, याची त्यावर नोंद असते. घरात आपण पिंजरा आणतो, पण ते कार्ड आणीत नाही. सगळा घोटाळा तेथूनच सुरू होतो.

आता थोडा हिशेब करू. पांढऱ्या उंदराची मादी एकोणीस ते एकवीस दिवस गाभण असते. एका वेताला सहा-आठ पिल्ले सहज होतात, कधी बाराही. एकविसाव्या दिवसापर्यंत पिल्ले दूध सोडतात आणि पाच-सहा आठवड्यांची झाली की स्वतः वंश वाढविण्यास समर्थ होतात. सर्वांत महत्त्वाची गोष्ट बहुतेकांना ठाऊक नसते. व्यालेली मादी त्याच दिवशी, चोवीस तासांच्या आत, पुन्हा गाभण राहू शकते. नर त्याच पिंजऱ्यात असेल, तर एक वेत अंगावर पीत असतानाच दुसरा पोटात वाढू लागतो.

समजा, एका जोडीला दर चार आठवड्यांनी आठ पिल्ले झाली आणि त्यांतील निम्म्या माद्या निघाल्या. या माद्या नऊ आठवड्यांच्या होताच स्वतः व्याल्या, आणि कोणी मेले नाही, असे धरा. तेरा आठवड्यांअखेर, म्हणजे तीन महिन्यांत, पिंजऱ्यात अठ्ठावन्न जीव होतील. सतराव्या आठवड्याअखेर एकशे तीस! आपल्याकडे नारायण पंडितांनी १३५६ साली 'गणितकौमुदी' लिहिली. तीत गाईचे एक गणित आहे. गाय दरवर्षी एक कालवड देते आणि कालवड चौथ्या वर्षापासून व्यायला लागते, तर वीस वर्षांत गोधन किती? उत्तर पावणेतीन हजारांच्या जवळ जाते. गाईला त्यासाठी वीस वर्षे लागतात. उंदीर तितका धीर धरीत नाही.

हे सर्व आम्ही पुस्तकातून शिकलो असतो, तर आज येथे उभे राहण्याचे कारण नव्हते. दहाबारा वर्षांपूर्वी आमची बदली नुकतीच इकडे झाली होती. धाकट्या कन्येला मैत्रिणी नव्हत्या. तिच्या वाढदिवसाला आम्ही रायपुरातून पांढऱ्या उंदरांची जोडी आणली. विकणाऱ्याने दोन्ही माद्या असल्याचे सांगितले आणि आम्हीही ते पडताळून पाहिले नाही. श्रावणाच्या आरंभी एके सकाळी पिंजऱ्यातील कापसात नऊ गुलाबी पिल्ले वळवळताना दिसली. घरात आनंदीआनंद झाला. आमच्या सौभाग्यवतींनी शिरा केला. शेजारच्या मुलांना बोलावून नऊ जणांचे बारसेही झाले.

नर वेगळा काढावा, हे कोणालाच सुचले नाही. महिन्याच्या आत आठ पिल्लांचा दुसरा वेत झाला, पुढे सात पिल्लांचा तिसरा, आणि नवरात्रात पहिल्या वेतातील कन्याही माता झाल्या. दसऱ्याला आम्ही मोजले तेव्हा त्रेपन्न भरले. खोलीत वास मावेना. नर एकमेकांच्या शेपट्या तोडू लागले. मग आम्ही दानशूर झालो आणि ओळखीच्या पाच घरांत एकेक जोडी भेट दिली. जोडी मोडू नये, असा आपला संस्कार; लग्नातल्या भेटवस्तूही आपण जोडीने देतो. त्या पाच घरांत आम्ही प्रेम वाटीत आहोत, अशी आमची समजूत होती. वस्तुतः आम्ही आमची अडचण पाच ठिकाणी पेरीत होतो. दोन महिन्यांत त्यांतील तीन घरांचे निरोप आले, 'साहेब, आपले उंदीर परत घेता का?'

पण हे नंतरचे. दिवाळीच्या आधी आमच्याकडे त्रेचाळीस उरले होते. एका संध्याकाळी कन्या शिकवणीला गेली असता आम्ही बिस्किटांच्या दोन मोठ्या डब्यांत एकतीस उंदीर भरले, सायकलला डबे अडकविले आणि रुळांपलीकडच्या धानाच्या शेतात ते सोडून आलो. त्या वेळी राजिम-धमतरीकडे जाणारी छोटी गाडी चालू होती. आज अभनपुरला मोठे रूळ आले आहेत. पीक कापणीला आले होते. येथे यांना काय कमी, असे मनाचे समाधान करून आम्ही परतलो. कन्येला सांगितले, 'रायपुरचे एक सद्गृहस्थ येऊन घेऊन गेले.' ती खूश झाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी एका शेतकऱ्याचा मुलगा गमछ्यात काहीतरी जपून धरून दारात आला. छत्तीसगढीत उंदराला 'मुसवा' म्हणतात. तुमचा पांढरा मुसवा आमच्या बांधावर बसला होता, कावळे टोचीत होते, म्हणून आणला, असे त्याने सांगितले. पळाला का नाही, असे आम्ही विचारले. तो म्हणाला, 'त्याला पळायचे ठाऊकच नाही, साहेब. माझ्या हातावर चढला.' कन्या आमच्या मागे उभी होती. तिने तो उंदीर ओंजळीत घेतला, आमच्याकडे पाहिले आणि शांतपणे विचारले, 'बाबा, बाकीचे तीस कुठे आहेत?'

सरकारी नोकरीत आम्ही पुष्कळ प्रश्नांना उत्तरे दिली आहेत. संसदेतील प्रश्नांची उत्तरेही तयार केली आहेत. या प्रश्नाला उत्तर सुचले नाही.

पिढ्यान् पिढ्या पिंजऱ्यात वाढलेला प्राणी शेतात सोडणे म्हणजे त्याला स्वातंत्र्य देणे नव्हे. त्याला भक्ष्य म्हणून टाकून देणे होय. शिवाय पांढरा उंदीर आणि आपल्या घरात कपाटामागे पळणारी करडी उंदरी या एकाच जातीच्या. म्हणजे जो वाचेल, तो शेतकऱ्याच्या कोठारात जाऊन तेथल्या प्रजेत भर घालील. अन्न मिळाले की कृंतक कसे वाढतात, हे मिझोरामने सोसले आहे. तेथील एका जातीच्या बांबूला सुमारे अठ्ठेचाळीस वर्षांनी फुलोरा येतो, फळे खाऊन उंदीर बेसुमार होतात आणि मग शेतांवर तुटून पडतात. १९५९ च्या सुमारास त्यातून दुष्काळ पडला आणि त्याच्या असंतोषातून पुढचे राजकीय बंड उभे राहिले. २००६-०७ च्या सुमारास फुलोरा पुन्हा आला. आपण धानाच्या प्रदेशात राहतो, हे विसरून चालणार नाही. आणि कायद्याचेही सांगतो. उपासमारीने वा तहानेने यातना होतील अशा स्थितीत प्राणी सोडून देणे हा १९६० च्या प्राणिक्लेश प्रतिबंधक कायद्यान्वये अपराध आहे. कायद्याची पुस्तके हाताळणाऱ्या आम्हीच तो केला होता.

कन्येने आमच्याशी दोन दिवस अबोला धरला. तिसऱ्या दिवशी तिने एक वही आणली आणि पहिल्या पानावर 'एकूण तेरा' असे लिहिले. मग आम्ही उभयता तिच्या हाताखाली शिकलो. नराच्या शेपटीखालील दोन छिद्रांत अंतर अधिक असते, मादीत निम्म्याने कमी. दोन पिल्ले शेजारी धरली की फरक कळतो. दहाव्या दिवसाच्या सुमारास, अंगावर लव दाट होण्यापूर्वी, माद्यांच्या पोटावर स्तनाग्रे दिसतात. तेव्हा ओळखणे सर्वांत सोपे. चार आठवडे पुरे होण्यापूर्वी नर एकीकडे, माद्या दुसरीकडे. मादी गाभण दिसताच प्रसूतीपूर्वीच नर वेगळा. एका वेतातील बहिणी एकत्र सुखाने नांदतात; प्रौढ नर मात्र बहुधा भांडतात. त्या वहीत नंतर एक वेत वाढला, कारण एक मादी आधीच गाभण होती. त्यापुढे जन्माची नोंद नाही. शेवटचा उंदीर वार्धक्याने गेला, तेव्हा वही सुरू होऊन दोन वर्षे झाली होती.

इतर प्राण्यांविषयी थोडक्यात. हॅम्स्टर एकटाच ठेवावा. प्रौढ हॅम्स्टर एकत्र ठेवल्यास एकमेकांना फाडतात. त्याचा गर्भकाळ केवळ सोळा दिवसांचा. सीरियातील आलेप्पोजवळ १९३० साली पिल्लांसह एक मादी पकडली गेली. जगभर पाळले जाणारे सोनेरी हॅम्स्टर बहुतांशी त्या एका वेताचे वंशज आहेत, एवढे सांगितले म्हणजे पुरे. गिनीपिगला मात्र सोबत हवी, पण ती दोन माद्यांची. त्याचा गर्भकाळ दोन महिन्यांहून अधिक असल्याने लोक गाफील राहतात. परंतु पिल्ले डोळे उघडे ठेवूनच जन्मतात आणि मादी पिल्ले महिन्या-दीड महिन्याचीच गाभण राहू शकतात. म्हणून नर पिल्ले तिसऱ्या आठवड्यातच वेगळी करावीत. आणि आपल्याप्रमाणेच त्यालाही क जीवनसत्त्व अन्नातून मिळावे लागते. रोज थोडा ताजा हिरवा पाला हवाच.

बालमित्रांनो, दया म्हणजे डोळ्यांत पाणी आणणे, असे आम्हांस पन्नाशीजवळ येईपर्यंत वाटत होते. ती वेळेवर केलेला हिशेब असते, हे एका अकरा वर्षांच्या मुलीने शिकविले. तुमच्या पिंजऱ्यावर आज घरी जाताच एक कार्ड लावा. ज्यांच्याकडे जोडी आहे, त्यांनी ती आजच वेगळी करावी. ज्यांच्याकडे आधीच संख्या वाढली आहे, त्यांनी लाजू नये. मंडळाच्या कार्यालयात नाव द्यावे. नर आणि माद्या निरनिराळ्या घरांत सांभाळण्याची व्यवस्था आपण मिळून लावू. पहिला रिकामा पिंजरा आमच्या घरचा. तो माळ्यावर आहे. आम्ही तो टाकून दिलेला नाही.

त्या तिसांचा हिशेब मात्र आमच्या वहीत कायमचा अपुरा राहिला आहे. तो आपणांपैकी कोणाच्याही वहीत न राहो, एवढीच गजाननाच्या चरणी प्रार्थना.