पोट कशाने दुखते?

(विहाराच्या वर्धापनदिनी दिलेल्या भाषणाचा मजकूर)



मी काही डॉक्टर नाही. हिंगणघाटला मिलमध्ये तुटलेला धागा जोडणारा माणूस. शाळा नववीपर्यंत, बाकीचे शिक्षण वाचनालयात. पण पोटावर बोलायचा अधिकार मला पोटानेच दिला आहे.

विनयपिटकात एक प्रसंग आहे. एक भिक्खू अतिसाराने आजारी होऊन स्वतःच्याच घाणीत पडला होता. सोबतचे कोणी ढुंकूनही पाहत नव्हते. तथागतांनी पाणी ओतले, आनंदाने अंग धुतले आणि दोघांनी त्याला उचलून खाटेवर निजवले. पोटाच्या रोग्याची घरचेसुद्धा किळस करतात, आणि रोगी लाजेने बोलत नाही. शौचाला काळे होते हे माणूस बायकोलाही सांगत नाही. मीही सांगितले नव्हते.

१९९८ सालची गोष्ट. रातपाळी चालू होती. कंबर दुखायची म्हणून टपरीवरून दुखण्याची गोळी घ्यायची, उपाशीपोटी चहासोबत, आणि वर खर्रा! बेंबीच्या वर आग व्हायची, पहाटे कळ यायची, चार घास खाल्ले की थांबायची. आमच्या गल्लीतले एक डॉक्टर म्हणत, "तिखट सोडा, टेन्शन घेऊ नका," आणि पुन्हा दुखण्याचीच सुई टोचत. माय म्हणे, "कोनं करनी केली वो माह्या लेकरावर!" देवऋषीकडून लिंबू उतरवून आणले. मी बाबासाहेबांचे नाव घेणारा कार्यकर्ता, आणि ते लिंबू मुकाट्याने पाहत बसलो, हे आज सर्वांसमोर कबूल करतो.

एका रात्री मशीनजवळ चक्कर येऊन पडलो. तीन दिवसांपासून डांबरासारखी शौच होत होती. दोस्तांनी सेवाग्रामच्या कस्तुरबा रुग्णालयात नेले. तोंडातून दुर्बीण घालून पाहिले तर जठराला लागून असलेल्या आतड्यात व्रण, आणि त्यातून रक्त चाललेले. तीन बाटल्या रक्त लागले. त्यासाठी रक्तदान करणारे दोघे माझ्याच पाळीचे होते.

मग मी वाचायला लागलो. आपल्या जठरात जोरदार आम्ल असते. ते जठरालाच खात नाही, कारण आतून चिकट अस्तर असते. ते अस्तर राखणारे द्रव्य दुखण्याच्या गोळ्यांनी कमी होते. दुसरा शत्रू म्हणजे हेलिकोबॅक्टर पायलोरी नावाचा जंतू. तो स्वतःभोवतीचे आम्ल मारून अस्तरात घर करतो. लहानपणीच, दाटीच्या घरात, घाण पाण्यातून तो शिरतो. पुष्कळांच्या पोटात तो गुपचूप असतो, काहींनाच व्रण होतो. ऑस्ट्रेलियाच्या वॉरन आणि मार्शल यांनी १९८२ च्या सुमारास तो शोधला तेव्हा जाणकारही हसले. शेवटी मार्शलने १९८४ मध्ये तो जंतू स्वतः पिऊन पाहिला आणि आजारी पडला! २००५ साली दोघांना नोबेल मिळाले. म्हणजे बहुतेक अल्सर टेन्शनने नाही, मिरचीनेही नाही. मिरचीने आग वाढते, ती वेगळी गोष्ट. उपचार म्हणजे जंतुनाशक औषधे आणि आम्ल कमी करणारी गोळी, साधारण १४ दिवस. मधेच सोडायची नाही. तंबाखूने व्रण लवकर भरत नाही. माझा खर्रा तेव्हा सुटला. किती जणांचा आज सुटेल ते सांगा!

आता "ग्यास" या शब्दाबद्दल. छातीत दाबल्यासारखे होते, घाम सुटतो, डावा हात जड पडतो, आणि माणूस सोडा पीत बसतो. तो हृदयाचा झटका असू शकतो. तसेच विदर्भात आपल्या समाजात सिकलसेल आहे. अशा रोग्यांना पित्ताशयात खडे होतात. उजव्या बरगडीखाली दुखले तर चूर्ण नको, सोनोग्राफी करा.

जंतांचेही तेच. अनवाणी शेतात फिरणाऱ्याच्या तळव्यातून आकडेकृमी शिरतो आणि आतड्याला चिकटून रक्त पितो. पोरगी पांढरी पडते, अभ्यासात लक्ष लागत नाही, आणि आपण तिला आळशी म्हणतो. शाळा-अंगणवाडीत जंताची गोळी देतात, ती चुकवू नका.

लेकरांना हगवण लागली की काही बाया पाणीच बंद करतात. बायांनो, लेकरू हगवणीने नाही, अंगातले पाणी आणि मीठ गेल्याने मरते. डोळे खोल जातात, टाळू बसते, लघवी थांबते. १९७१ साली बनगावच्या निर्वासितांच्या छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी कॉलऱ्याच्या रोग्यांना मीठ-साखरेचे पाणी पाजले, तेव्हा सुमारे ३० टक्क्यांवरचे मरण ४ टक्क्यांच्या खाली आले. पुडी नसेल तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ टाका. घोटघोट पाजा, अंगावरचे दूध चालू ठेवा. शौचात रक्त दिसले, लेकरू सुस्त पडले, तर सरळ दवाखाना गाठा.

२० मार्च १९२७ ला बाबासाहेबांनी महाडला ओंजळीत पाणी घेतले, ते हक्कासाठी. त्या हक्काचे पाणी आज आपल्या दारात आहे. पण मघाशी मी विहाराच्या मागे पाणी प्यायला गेलो, तर ड्रमला झाकण नाही, एकच गलास सगळ्यांना, आणि तोच पाण्यात बुडवतात! झाकणाचे आणि तोटीचे पैसे मी आजच अध्यक्षांकडे देतो. पोरांनी पौर्णिमेच्या आत ड्रम घासून घ्यावा. जयभीम!