जुना रस्ता, नवा क्रमांक



भिलाईत पत्ता सांगताना ‘जी. ई. रोड’चा उल्लेख टाळणे कठीण असते. ही अक्षरे ग्रेट ईस्टर्न रोडची. नागपूरहून दुर्ग, रायपूर, संबलपूरकडे जाणाऱ्या या मार्गाने मध्य प्रांताची राजधानी आणि छत्तीसगड यांना जोडले. त्याही आधी, अठराव्या शतकात, नागपूरकर भोसल्यांची सत्ता या प्रदेशात आली आणि बिंबाजी भोसल्यांनी रतनपुरास राहून कारभार पाहिला. मराठीचा या मातीशी संबंध पोलाद कारखान्याहून कितीतरी जुना आहे.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली. विदर्भ मुंबई राज्यात गेला, दुर्ग मध्य प्रदेशात राहिले. रस्ता तोच राहिला. मात्र आता तो राज्याची सीमा ओलांडू लागला. त्याच सुमारास येथे कारखाना उभा राहत होता. २ फेब्रुवारी १९५५ रोजी सोव्हिएत संघाशी करार झाला आणि ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. रेल्वेमार्गाच्या एका बाजूस सेक्टर वसले; दुसऱ्या बाजूस या रस्त्याच्या कडेने सुपेला, पॉवर हाउस, खुर्सीपार येथील बाजार वाढले.

हा मार्ग पुढे राष्ट्रीय महामार्ग ६ म्हणून ओळखला गेला. नव्या क्रमांकनात तो ५३ झाला. वाहने वाढली, तेव्हा दुर्ग शहर टाळणारा वळणमार्ग बांधण्यात आला. तो नेहरूनगरपाशी फुटतो आणि शिवनाथ ओलांडून अंजोऱ्याजवळ जुन्या वाटेस मिळतो. दूरची मालवाहतूक तिकडे वळली. दुर्ग शहरातून जाणारी जुनी वाट मात्र जागेवरच राहिली.

अशा जुन्या वाटेचे पुढे काय होते, हे जाणून घेण्यासारखे आहे. १९५६ च्या राष्ट्रीय महामार्ग कायद्यानुसार केंद्र सरकार अधिसूचनेद्वारे एखादा मार्ग महामार्गांच्या यादीत घेते, तसेच यादीतून वगळूही शकते. वगळलेला तुकडा सामान्यतः राज्याच्या सार्वजनिक बांधकाम खात्याकडे अथवा स्थानिक संस्थेकडे जातो. केंद्राचा निधी थांबतो. खड्डे, गटारे, दिवे आणि कडेची झाडे यांची जबाबदारी जवळच्या माणसांवर येते. मालमोटारींची संख्या घटते. शाळेत जाणारी मुले, भाजीवाले, सायकलस्वार आणि रुग्णालय गाठणारे लोक तेवढेच राहतात. यादीतून नाव गेले म्हणून रस्त्याची गरज संपत नाही. ती कोणी निभावायची, एवढाच प्रश्न उरतो.

महाराष्ट्राबाहेरील मराठी शाळेपुढेही आज हाच प्रश्न आहे. मोठी रहदारी इंग्रजी माध्यमाच्या वळणमार्गाने निघाली आहे. त्यात कोणाचा दोष नाही. पालकांना मुलांचे भवितव्य पाहावे लागते. परंतु आजीची भाषा, नागपूर-अमरावतीकडील नातेवाइकांची पत्रे आणि घरातील देवापुढची आरती यांपर्यंत नेणारी वाट जुन्या रस्त्यावरूनच जाते. ही वाट वापरात राहिली तरच टिकेल. सरकारी यादी तिला टिकवू शकणार नाही. तिच्यावरून चालणारे लोकच टिकवतील.

साठ वर्षांच्या या टप्प्यावर माजी विद्यार्थ्यांनी एवढे करावे: आठवड्यातून एक तास मुलांसोबत मराठी वाचावे आणि घरातील वडीलधारी मंडळी या रस्त्याने कधी व कशी आली, ते त्यांच्याच शब्दांत लिहून शाळेच्या ग्रंथालयात ठेवावे. पुढच्या पिढीला परतीची वाट विचारावीशी वाटली, तर ती दाखवणारा फलक तेथे असावा.