बसल्या जागी

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

आज मी बोलणार आहे बसण्याविषयी. गंमत अशी, की हे मी बसूनच बोलतो आहे आणि तुम्हीही बहुधा बसूनच ऐकत असाल. तेव्हा सुरुवातीलाच एक विनंती. जमत असेल त्यांनी उभे राहून ऐकावे. का, ते पुढे येईलच.

वरळी नाक्याजवळ माझा दवाखाना आहे. माझे लहानपणही इथलेच. बीडीडी चाळीत तिसऱ्या मजल्यावर आमची १६० चौरस फुटांची खोली होती. वडील वरळीतल्याच एका गिरणीत साचेखात्यात होते. आठ तासांची पाळी उभ्याने. तुटलेला धागा जोड, धोट्यातली कांडी बदल, या साच्याकडून त्या साच्याकडे जा. पाळी सुटली की चालत घरी, मग तीन मजले वर. घरी ताटभर भात, आमटी, कधी सुका बोंबील, दोन भाकऱ्या. खाणे दणकट, पण अंगावर मांस कधी चढले नाही.

१८ जानेवारी १९८२ रोजी संप सुरू झाला. मी शाळेत होतो. बाबा पुन्हा साच्यावर उभे राहिले नाहीत. काही महिने गावी काढले आणि मग एका इमारतीत वॉचमनची नोकरी धरली. फाटकाशी एक स्टूल आणि बारा तासांची ड्यूटी. जेवण तेच राहिले. चहा मात्र वाढला, कारण येणारा-जाणारा प्रेमाने पाजायचा. चार-पाच वर्षांत कमरेचा पट्टा दोन भोके पुढे सरकला. आई खूश. म्हणायची, "आता जरा अंग धरलंय."

१९९१ साली त्यांच्या पायाला जखम झाली आणि ती भरेना. रक्त तपासले, तेव्हा मधुमेह निघाला. अंगठा काढावा लागला. मी तेव्हा वैद्यकीयच्या तिसऱ्या वर्षाला होतो. घरात डॉक्टर होऊ घातलेला मुलगा, आणि बापाचा सुटलेला पट्टा त्याला दिसला नाही! बाबांनी मला विचारले, "अरे, मी तर गोड खातच नाही. मग ही साखर आली कुठून?" मी इन्सुलिनवर पाठ केलेले सगळे सांगितले. त्यांचे समाधान झाले नाही आणि खरे तर माझेही झाले नाही.

एका माणसाची गोष्ट म्हणजे पुरावा नव्हे. बाबांचे वय वाढत होते, संपाची काळजी होती, रात्रपाळीने झोप मोडत होती. यातले नेमके कशाने झाले, हे सांगता येत नाही. पण काम उभ्याचे की बसण्याचे, यावरून तब्येतीत फरक पडतो का, हा प्रश्न लंडनमध्ये डॉ. जेरी मॉरिस यांनी फार पूर्वी विचारला होता. आपल्या बेस्टच्या जुन्या दुमजली बसगाड्या आठवा. खाली ड्रायव्हर दिवसभर बसलेला आणि कंडक्टर दिवसभर जिना चढ-उतार करणारा. लंडनमध्येही तसेच होते. १९५३ साली मॉरिस यांनी दाखवून दिले, की ड्रायव्हरांपेक्षा कंडक्टरांना हृदयविकार कमी होतो. हा माणूस प्रामाणिक असा, की पुढे त्याने दोघांच्या गणवेशांची मापेही तपासली. ड्रायव्हरांच्या पँटी कमरेला मुळातच मोठ्या निघाल्या. म्हणजे सगळा दोष खुर्चीचा नव्हता. तरीही त्यानंतरच्या सत्तर वर्षांत जगभर झालेल्या अभ्यासांचा कौल हालचालीच्याच बाजूने आहे. स्वतः मॉरिस नव्याण्णव वर्षे जगले.

आता बाबांच्या प्रश्नाकडे येतो. साखर येते कुठून? भात, भाकरी, पोळी, पोहे, साबुदाणा या सगळ्यांची पोटात शेवटी साखरच होते. ती साठवायची सर्वांत मोठी कोठी म्हणजे आपले स्नायू. इन्सुलिन ही त्या कोठीची किल्ली. पण स्नायू काम करत असला, की किल्लीवाचूनही तो साखर आत ओढून घेतो. बाबा साच्यावर असताना ही कोठी रोज रिकामी होत होती. स्टुलावर बसल्यावर ती भरलेलीच राहू लागली. वरून भात येतच होता. मग उरलेल्याची चरबी होते आणि ती पोटात, यकृतात साचते. अशी चरबी साचली, की शरीर इन्सुलिनला दाद देईनासे होते. बाबांच्या पट्ट्याची दोन भोके आम्हांला हेच सांगत होती.

तुम्ही म्हणाल, आम्ही तर सडपातळ आहोत. इथे पुण्याची एक गोष्ट सांगतो. केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि इंग्लंडचे डॉ. जॉन युडकिन या दोघांचे छायाचित्र २००४ साली 'लॅन्सेट'मध्ये छापून आले. उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक दोघांचाही अगदी सारखा, २२.३. पण शरीरातली चरबी युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के! दिसायला बारीक आणि आतून चरबीवाले, असे आपण भारतीय आहोत. म्हणून वजनकाट्यापेक्षा शिंप्याचा फीत-टेप जास्त खरे बोलतो. पुरुषांची कंबर ९० सेंटिमीटरच्या आणि स्त्रियांची ८० च्या पुढे गेली, की सावध व्हावे. तिच्या जोडीला रक्तदाब, उपाशीपोटीची साखर, ट्रायग्लिसराइड आणि चांगले कोलेस्टेरॉल. या पाचांपैकी तीन बिघडले, तर शरीराचा एकूण कारभारच बिघडू लागला आहे असे समजावे. देशात दहा कोटींहून अधिक मधुमेही असल्याचा अंदाज भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या पाहणीने २०२३ साली दिला. मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेले त्याहून जास्त, साडेतेरा कोटींच्या घरात.

त्या उंबरठ्यावर मीही जाऊन आलो. २०२३ च्या पावसाळ्यात माझी उपाशीपोटीची साखर ११२ निघाली. कंबर ९६. मला अन्याय वाटला. मी रोज सकाळी वरळी सी-फेसवर अर्धा तास चालतो! तेव्हा कोळीवाड्यातल्या एका मासळीवाल्या मावशींनी तपासून घेता घेता मला विचारले, "डॉक्टर, आम्हांला उठा म्हणतोस, तू कवा उठतोस?" मी त्या दिवशी हिशेब मांडला. दवाखाना, जेवण, टीव्ही, फोन सगळे धरून अकरा तास बसणे. मी फाटकावरच्या स्टुलाऐवजी गादीच्या खुर्चीत बसत होतो, एवढाच बाप-लेकात फरक.

दहा लाखांहून अधिक लोकांच्या माहितीवर आधारलेला एक अभ्यास २०१६ साली प्रसिद्ध झाला. रोज आठ तासांहून जास्त बसणाऱ्यांना अकाली मृत्यूचा वाढलेला धोका पुसून काढायला दिवसाला तास-सव्वा तास चांगला व्यायाम लागतो, असे त्यात दिसले. अर्ध्या तासाने धोका कमी होतो, पण पुसला जात नाही. ऑस्ट्रेलियातल्या एका छोट्या प्रयोगात, दर वीस मिनिटांनी उठून दोन मिनिटे चाललेल्या लोकांची जेवणानंतरची साखर सलग बसलेल्यांपेक्षा सुमारे पाव हिश्शाने कमी वाढली. दोनच मिनिटे! मी आता पुढच्या पेशंटला बोलवायला स्वतः उठून दारापर्यंत जातो. फोन आला की उभा राहतो. दुपारी आणि रात्री जेवल्यावर दहा-पंधरा मिनिटे चालतो. आठवड्यातून दोन दिवस खुर्चीवरून हात न टेकता उठ-बस करतो, कारण वयाबरोबर स्नायू झिजले तर कोठीच लहान होते.

राहता राहिले ताट. पुष्कळ जण मला सांगतात, "डॉक्टर, भात सोडला, आता पोळ्याच खातो." किती? "सहा." संशोधन परिषदेच्या आहारावरच्या पाहणीचे निष्कर्ष २०२५ साली आले. आपल्या रोजच्या उष्मांकांपैकी सुमारे ६२ टक्के धान्य-साखरेसारख्या पिष्टमय पदार्थांतून येतात. नुसता भाताच्या जागी गहू किंवा नाचणी आणून धोका कमी झालेला दिसला नाही. एकूण पिष्टच कमी करून त्या जागी डाळी, दूध, दही, अंडी, मासे आले, तिथे धोका कमी दिसला. म्हणजे भाताशी भांडण नको. मूद लहान करा आणि डाळ घट्ट करा. अर्धे ताट भाजी-कोशिंबिरीचे ठेवा. बांगडा तर आपल्या दारात येतो. आणि चहा मोजा. पाच कप, प्रत्येकी दोन चमचे म्हणजे दहा चमचे साखर. बाबा 'गोड खात नाही' म्हणायचे, तेव्हा हे दहा चमचे आम्ही कोणीच मोजले नव्हते.

ज्यांना साखरेच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू आहे, त्यांनी आहार-व्यायामात मोठा बदल आपल्या डॉक्टरांना विचारूनच करावा. छातीत दुखत असेल, तर आधी तपासणी, मग चालणे.

ऑगस्ट २०२५ मध्ये वरळीच्या बीडीडी चाळींतल्या पहिल्या ५५६ कुटुंबांना नव्या मनोऱ्यांतल्या घरांच्या किल्ल्या मिळाल्या. ५०० चौरस फुटांचे घर, घरात स्वतःचा संडास, उंच इमारतीला लिफ्ट. मी चाळीचे गोडवे गाणार नाही. रात्री-अपरात्री दुखऱ्या गुडघ्यांनी मजल्याच्या टोकापर्यंत जाणाऱ्या म्हाताऱ्या मी पाहिल्या आहेत. त्यांना हे सुख कधीच मिळायला हवे होते. पण एक गोष्ट त्या जुन्या जिन्याबरोबर गेली. तो आम्हांला न विचारता चढायला लावत असे. गिरणीही न विचारता उभे करत असे. आता विचारणारे कोणी नाही. जे काम आणि घर आपल्याकडून करून घेत होते, ते आता आपले आपण, ठरवून करायचे आहे.

वर्षभराने माझी साखर ९८ वर आली, कंबर ९१ वर. एक सेंटिमीटर अजून बाकी आहे. बाबा आज नाहीत. असते तर त्यांच्या प्रश्नाला मी आता एका वाक्यात उत्तर दिले असते : बाबा, साखर बाहेरून आली नाही, रोजचीच होती. पूर्वी ती साच्यावर खर्ची पडायची, ती स्टुलावर शिल्लक राहिली.

माझे बोलणे संपले. आता तरी उठा.