आमच्या हौशी छायाचित्रकारांचे एक वर्ष

शिरूर आणि दौंड ही पुणे जिल्ह्याच्या पूर्व अंगाची दोन तालुक्यांची गावे. शिरूर घोडनदीच्या काठी, दौंड भीमेच्या. जुनी माणसे अजून शिरूरला ‘घोडनदी’च म्हणतात. एका गावावरून नगरचा रस्ता जातो, दुसऱ्यावरून सोलापूरची रेल्वे जाते, आणि एकाहून दुसरीकडे जायचे तर न्हावरे, चौफुला करीत दीड-दोन तास मोडतात. अशा दोन गावांतल्या अकरा माणसांनी मिळून छायाचित्रांचे एक मंडळ चालवावे, हे ऐकायला जरा चमत्कारिक वाटेल. पण ते चालले आहे खरे. त्याला नोंदणी नाही, कचेरी नाही. वर्गणी आहे, ती बहुधा थकलेली असते. मी कॉलेजात इतिहास शिकवतो, त्यामुळे लिहिण्याचे काम, म्हणजेच चिटणीसपद, आपसूक माझ्याकडे आले.

आमच्यात रेल्वेतले दोघे आहेत, रांजणगावच्या कारखान्यांत पाळीने काम करणारे तिघे तरुण आहेत, एक किराणा दुकानदार आहेत, दौंडकडच्या एक प्राथमिक शिक्षिका आहेत, असे मिळून अकरा. परीक्षक मात्र बाहेरचे. शिरूरला त्यांचा पूर्वी स्टुडिओ होता. प्रत्येकाच्या खिशात कॅमेऱ्याचा फोन आला आणि तो बंद पडला. आम्ही त्यांना ‘काका’ म्हणतो. दर महिन्याला एक विषय ठरतो, प्रत्येकाने दोन चित्रे छापून आणायची, मागे फक्त क्रमांक घालायचा आणि शेवटच्या रविवारी काकांपुढे मांडायची. बैठक एक महिना शिरूरला, एक महिना दौंडला. बक्षीस म्हणजे त्या दिवशीच्या चहाचे पैसे द्यायचे नाहीत, एवढेच.

आमचे वर्ष पालखीपासून सुरू होते. तुकोबांची पालखी यवत, वरवंड करीत आमच्या दौंड तालुक्यातून जाते. यवतचा पिठलं-भाकरीचा पाहुणचार तर सगळ्या वारकऱ्यांना ठाऊक आहे. त्या महिन्यात बावीस चित्रे आली आणि त्यांतल्या पंधरांत एकच म्हातारी होती. म्हणजे म्हाताऱ्या निरनिराळ्या. पण डोक्यावर तुळस, तोंडावर हसू, मागे पताका, सगळे तेच. काका म्हणाले, “ही चित्रं तुम्ही यवतला नाही काढली. घरून निघतानाच ती तुमच्या डोक्यात तयार होती.” त्या महिन्याचा चहा प्रत्येकाने आपापल्या पैशाने घेतला.

श्रावणात निघोजचे रांजणखळगे पाहायला गेलो. कुकडीला पाणी इतके होते की खळगे सारे पाण्याखाली. एकाची छत्री मात्र गेली.

१९ ऑगस्टचा दिवस जगभर छायाचित्रणाचा म्हणून पाळतात, कारण १८३९ साली त्या दिवशी पॅरिसमध्ये दागेर याची चित्र उमटवण्याची कृती सर्वांना खुली करण्यात आली. शिक्षिकाबाईंनी ठरवले की आपण शाळेतल्या मुलांना कॅमेरा करून दाखवायचा, तोही बिनपैशाचा. शिक्षक बंधुभगिनींनी ऐकून ठेवावे असा हा प्रयोग आहे. बुटांचा रिकामा खोका घ्यावा, आतून काळा करावा. एका टोकाला टाचणीने बारीक भोक पाडावे. समोरचे टोक कापून तिथे तेल लावलेला पातळ कागद ताणून चिकटवावा. मग डोक्यावरून घोंगडी घेऊन, भोक उजेडाकडे करून, त्या कागदाकडे पाहावे. अंगणातला लिंब कागदावर उमटतो, पानांच्या हिरव्या रंगासकट, पण शेंडा खाली आणि बुंधा वर. “उलटं का?” असे बाईंनी विचारले. सातवीतल्या एका मुलीने दोन काड्या उचलल्या, भोकाजवळ त्यांची फुली केली आणि म्हणाली, “उजेड वाकत नाही ना बाई. शेंड्याकडचा उजेड भोकातनं सरळ खाली जाणार, बुंध्याकडचा वर.” माझ्या वर्गातल्या पदवीच्या मुलांना हे इतके सुटसुटीत सांगता येईल की नाही, याची मला शंका आहे.

दिवाळीच्या सुमाराला विषय होता ‘वाफ’. केडगाव, खुटबावच्या बाजूला गुऱ्हाळे पुष्कळ. कढईवर पांढऱ्या वाफेचा लोट, खाली चुलवणाचा जाळ, आणि आजूबाजूला अंधार. फोन काय किंवा कॅमेरा काय, समोर जे दिसेल ते मध्यम करड्या रंगाचे आहे असेच धरून चालतो. म्हणून आमची वाफ मळक्या धोतरासारखी आली. उपाय सोपा होता. कॅमेरा सांगेल त्यापेक्षा थोडा अधिक उजेड आत घ्यायचा. पण हे कळायला आम्हाला तीन रविवार आणि पोटभर गरम गूळ लागला.

नंतर डिसेंबर आला आणि विषय ठरला ‘काम’. इथपर्यंत मी हसत-खेळत सांगत आलो. आता जे सांगायचे आहे त्यात चूक माझी आहे.

आमच्या भागात त्या दिवसांत ऊसतोडीचा हंगाम भरात असतो. बीडकडून, नगरकडून टोळ्या येतात, फडाच्या कडेला कोप्या घालून राहतात. मी संध्याकाळच्या उजेडासाठी फडावर गेलो. तसे संध्याकाळी उसाच्या कडेने हिंडणे आमच्याकडे शहाणपणाचे नाही. शिरूर तालुक्यात उसात बिबट्या असतो आणि तो कुणाच्या हौसेसाठी वाट सोडत नाही. एका शेतकऱ्याने मला तसे दरडावलेही. पण तेवढ्यात एक बाई डोक्यावर उसाची मोळी घेऊन ट्रेलरला लावलेल्या फळीवरून वर चढली. मागे सूर्य बुडत होता. तिची काळी आकृती, मोळीची काळी रेघ, फळीची तिरपी रेघ. मी बटण दाबले आणि अंधार पडायच्या आत मोटारसायकलवर बसून घरी आलो.

त्या महिन्याचा पहिला क्रमांक त्या चित्राला मिळाला. काकांनी बराच वेळ ते हातात धरले. मुंबईच्या एका मोठ्या स्पर्धेला ते पाठवावे असेही ठरत आले. तेव्हा शिक्षिकाबाईंनी विचारले, “सर, हिचं नाव काय?”

मला माहीत नव्हते. “ऊसतोडणी कामगार” असे मी मागे लिहिले होते. बाई म्हणाल्या, “तिला चित्र दाखवलंत?” तेही नव्हते केले.

आता इथे माझा विषय आडवा आला. मी वर्गात मुलांना सांगत असतो की आपल्या मुंबईत १८५४ साली छायाचित्रकारांची संस्था निघाली, डॉक्टर भाऊ दाजी लाड आणि त्यांचे बंधू डॉक्टर नारायण दाजी तिचे सभासद होते, दुसऱ्याच वर्षी एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये छायाचित्रणाचा वर्ग उघडला आणि हरिश्चंद्र चिंतामण तिथे शिकून तयार झाले. हे सांगताना छाती फुगते. पण त्याच संस्थेतल्या विल्यम जॉन्सन यांनी हेंडरसन यांच्याबरोबर १८५६ पासून हौशी लोकांसाठी चित्रांचा एक मासिक संग्रह काढला आणि पुढे १८६३ व १८६६ साली मुंबईतल्या निरनिराळ्या जातिजमातींची चित्रे दोन खंडांत छापली. स्टुडिओत माणसांची चित्रे घ्यायची, ती कातरून निराळ्याच देखाव्यावर बसवायची, आणि खाली जातीचे नाव लिहायचे. (असली कातरलेली चित्रे आज आमच्या स्पर्धेतूनसुद्धा बाद होतील, हा भाग वेगळा.) वर्गात मी विचारतो, “या माणसांना नावं नव्हती का?” मुले माना हलवतात. आणि इकडे मी स्वतः काय केले होते? आमच्याकडे तर टोळी मोजायची रीतच अशी आहे की नवरा-बायकोच्या जोडीला ‘एक कोयता’ म्हणतात. मुकादम सांगतो, माझ्याकडे पंधरा कोयते आहेत. माझे चित्र त्यापलीकडे गेले नव्हते.

बैठकीत वाद झाला, आणि तो दोन तास चालला. बाईंचा ठराव असा की ज्या माणसाचे चित्र आहे त्याच्या हातात त्याची प्रत पडल्याशिवाय ते स्पर्धेत घ्यायचे नाही. रांजणगावचा एक तरुण म्हणाला, “मग भिगवणच्या रोहित पक्ष्यांनाही एकेक प्रत देऊन येतो!” हशा झाला. पण त्याचे दुसरे म्हणणे हसण्यावारी नेण्यासारखे नव्हते. तो म्हणाला, “विचारायला गेलं की माणूस ताठ उभा राहतो, केस सारखे करतो. चित्र तिथंच मरतं.” यावर काकांनी एवढेच सांगितले की, “माझ्या स्टुडिओत चाळीस वर्षं माणसं ताठच उभी राहिली. पण फोटो घेतल्याशिवाय कुणी घरी गेलं नाही.” शेवटी आधी चित्र काढावे, मग विचारावे, आणि प्रत देऊन मगच स्पर्धेला आणावे, असे ठरले. सहा विरुद्ध चार मते पडली. मी मत दिले नाही. दोघांनी मंडळ सोडले. पुढच्या महिन्यात चित्रे आली फक्त पाच.

माझ्यावर त्या बाईला शोधायचे काम आले. फड संपला होता, टोळी हलली होती. ट्रॅक्टरवाल्याला विचारीत विचारीत जानेवारीत मला ती सापडली, भीमेपलीकडे एका गावाच्या शिवारात. दुपारची वेळ. कोपीपुढे म्हातारे सासरे दोन नातवंडांना सांभाळीत बसले होते. मी मोठी छापलेली प्रत पुढे केली. तिने हात पुसून ती धरली, जवळ नेली, लांब धरली.

“दादा, ह्यात मी कुठंय?”

मी बोट दाखवले.

“ही तर नुसती मोळी हाय. माझं त्वांड कुठं दिसतंय?”

खरेच नव्हते दिसत. त्या न दिसण्यालाच आम्ही पहिला क्रमांक दिला होता. मी उजेडाबद्दल काहीतरी सांगू लागलो. तिचा नवरा हसला आणि म्हणाला, “सर, कॅमेरा आणलाय तर आमचा सगळ्यांचा एक काढा की.” मग ती आत जाऊन दुसरे लुगडे नेसून आली, पोरांची तोंडे धुतली गेली, म्हाताऱ्यांनी पटका बांधला. भर बारा वाजता, डोक्यावरच्या उन्हात, सगळे रांगेत ताठ उभे राहिले. डोळ्यांखाली काळ्या सावल्या. आमच्या मंडळात असे चित्र कुणी आणले असते तर मीच त्याला चार दोष दाखवले असते. आठ दिवसांनी तीन प्रती नेऊन दिल्या. प्रत्येकीच्या मागे सगळ्यांची नावे तिने मला सांगून लिहून घेतली. मोळीच्या चित्राचे काय करू, असे विचारले तेव्हा म्हणाली, “लावा तुमच्या शाळेत. पर नाव नका लावू, त्यात मी न्हाई.” म्हणून तिचे नाव मी इथेही सांगत नाही.

मार्चमध्ये आम्ही शाळेच्या दोन खोल्यांत वर्षाचे प्रदर्शन भरवले. मोळीचे चित्र तिथे लागले, मुंबईला गेले नाही. सोडून गेलेल्या दोघांपैकी एक जण पाहायला आला आणि जाताना थकलेली वर्गणी देऊन गेला. दुसरा अजून बोलत नाही. बैलगाड्याच्या घाटातले धुळीने भरलेले एक चित्र मुलांना सर्वांत आवडले. त्याखाली बैलांची नावे होती, कारण गाडामालकाने प्रत घेताना स्वतःच्या आधी तीच सांगितली होती.

मे महिन्यात मुकादमाच्या फोनवरून त्या बाईच्या नवऱ्याचा निरोप आला. म्हातारे गेले होते. घरात त्यांचा दुसरा फोटो नव्हता. त्या रांगेतल्या चित्रातून त्यांचा एकट्याचा मोठा करून मिळेल का, असे विचारीत होता. पटक्याची सावली कपाळापासून नाकापर्यंत उतरली होती. मी रात्री बसून ती जमेल तितकी उजळली आणि सकाळी काकांकडे गेलो. त्यांनी चष्मा पुसून पाहिले. “प्रकाश वाईट आहे,” म्हणाले. मग माळ्यावरून स्टुडिओच्या वेळची एक लाकडी चौकट काढली, काच धुतली, आणि मापाला बसते का ते पाहू लागले.