सारामाता आणि हागार
(महिला मेळाव्यातील भाषण)



ज्युबिलीच्या या मेळाव्यात सारेच्या विश्वासावर चार शब्द बोलावे, अशी मला आज्ञा झाली. तिची कथा आपण सर्वांनी संडे स्कूलात ऐकली आहे. ती सबंध सांगत बसत नाही. एवढेच ध्यानात आणा की, हारान सोडले तेव्हा अब्राहाम 75 वर्षांचा होता व सारा त्याहून दहा वर्षांनी लहान. म्हणजे पासष्टीला या बाईने मांडलेला संसार आवरून तंबूत बिऱ्हाड केले. इसहाक झाला तेव्हा ती 90 वर्षांची होती. वचनाची वाट पंचवीस वर्षे पाहिली!

त्या काळात तिचे मन कधी डळमळले नाही, असे मात्र शास्त्र म्हणत नाही. मम्रे येथे पाहुणे आले, आणि पुत्राचे वचन तंबूच्या दाराआडून ऐकताच ती मनात हसली. विचारले तेव्हा भिऊन, हसलेच नाही म्हणाली. तरी देवाने वचन मागे घेतले नाही. इसहाक या नावाचा अर्थच मुळी ‘तो हसतो’. इब्री लोकांस पत्राच्या 11 व्या अध्यायात विश्वासाने जगलेल्यांची नावे आहेत, त्यांत ही हसणारी बाई आहे. मला याचा फार धीर वाटतो.

परंतु सारेवर बोलणारे जेथून लगबगीने पुढे जातात, तेथे मला आज थांबायचे आहे. हागार ही तिची मिसरी दासी. वाट पाहण्याचा कंटाळा आला म्हणून सारेनेच तिला नवऱ्याच्या स्वाधीन केली, आणि तिला दिवस गेल्यावर तिचा छळही केला. ती रानात पळाली. तेथे झऱ्याजवळ तिला देवाचा दूत भेटला, आणि या परक्या दासीने देवाला नाव दिले : पाहणारा देव. पुढे इसहाकाचे दूध तुटल्यावर सारेच्या हट्टाने तिला मुलासह घालवून दिले. अब्राहाम सकाळी उठला, भाकर व पाण्याची मसक तिच्या खांद्यावर दिली, आणि निरोप दिला. बैर-शेबाच्या रानात ते पाणी संपले.

भगिनींनो, मी आपल्या मदत कमिटीवर काम केले आहे. एकदा एक निराधार बाई लेकराला घेऊन आली. आम्ही धान्य दिले, गाडीभाडे दिले, वहीत सही घेतली. ती कोठे उतरली, तिला कोणी दारात घेतले की नाही, हे कोणी विचारले नाही. मीही नाही. हिशेब मात्र चोख होता. पुढे सारेचा अध्याय वाचताना त्या मसकीशी मी अडखळले, ती अजून अडखळते.

सारा 127 वर्षांची होऊन हेब्रोनास वारली. तिच्या मूठमातीसाठी अब्राहामाने एफ्रोन हित्तीला 400 शेकेल रुपे मोजून मक्पेलाचे शेत व गुहा घेतली. वचनाच्या देशात त्याच्या मालकीची झालेली पहिली जमीन ही. पुढे अब्राहामही वारला. तेव्हा त्याला त्याच गुहेत, सारेशेजारी, दोघा मुलांनी मिळून पुरले, असे उत्पत्तीच्या 25 व्या अध्यायात आहे. एक इसहाक. दुसरा इश्माएल, हागारेचा मुलगा. त्याला कोणी बोलावणे धाडले, हे तेथे लिहिलेले नाही.